लेकींचे उद्योग: भिंगरी, खिरापत आणि नाकातली मटकी

कोथिंबीरवडी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस या मंचावर वाचनमात्र होते, आज लिहायला हात शिवशिवले. आमच्याकडे, नाशिकला, साडेचार वर्षांचं कन्यारत्न आहे. खरं नाव इथे देत नाही. घरात सगळे भिंगरी म्हणतात, तेच चालवून घ्या. धागा काढायची कारणं दोन. एक, तिचे उद्योग कुठेतरी लिहून ठेवायचेत. नवऱ्याला सांगावं तर तो "हो का?" म्हणून पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो. दुसरं कारण म्हणजे एक अडचण आहे, ती शेवटी सांगते.

आधी 2024 च्या विधानसभेच्या मतदानाचा किस्सा. नोव्हेंबरातली सकाळ, केंद्रावर रांग, भिंगरी कडेवर. टेबलावरच्या बाईंनी माझ्या डाव्या तर्जनीला शाई लावली. भिंगरीने झटकन आपली डावी करंगळी पुढे केली. "मला पण."

बाई हसल्या. "तुझं वय नाही गं अजून."

"माझंच वय आहे. आईचं नाहीये. आई एवढी मोठी, तिला कशाला पोलिओ?"

आता तिचं तरी काय चुकलं? शाळेची खोली, टेबल, यादी, रांग, बोटाला शाई. पोलिओच्या रविवारी तिने हेच सगळं पाहिलेलं. फरक एवढाच, की पाच वर्षांच्या आतल्यांची करंगळी रंगवतात आणि अठराच्या पुढच्यांची तर्जनी. मागची रांग खो खो हसत होती. बाहेर आल्यावर तिने मला आ करायला लावलं. "थेंब कधी दिले? मी तर बघितलेच नाहीत." तपासणी झाली, थेंब दिलेले नाहीत असं ठरलं आणि घरी जाऊन आजीला सांगण्यात आलं की आईला फसवलं.

दुसरा किस्सा यंदाच्या भोंडल्याचा. सोसायटीत पाळीपाळीने भोंडला होतो, यंदा एक दिवस आमच्याकडे होता. सासूबाईंनी पाटावर रांगोळीने सुरेख हत्ती काढला. सोंडेवर नक्षी, पाठीवर झूल, सगळं साग्रसंगीत. मी ओट्याशी होते. पाच मिनिटांनी येऊन बघते तर पाटावर तळं. हत्तीची सोंड, पुढचे पाय आणि अर्धी झूल वाहून दाराच्या उंबऱ्यापाशी. शेजारी भिंगरी रिकामा तांब्या घेऊन उभी. "त्याने सोंड खाली केली होती. म्हणजे तहान लागली ना?"

खिरापतीला वाटली डाळ होती. तिला दहादा बजावलं होतं की डब्यात काय आहे ते कुणाला सांगायचं नाही, बायकांनी ओळखायचं असतं. गाणी संपली, डबा वाजवला. पहिल्या काकूंनी विचारलं, "गोड की तिखट?" भिंगरी गंभीरपणे पुढे आली आणि म्हणाली, "वाटली डाळ आहे, पण मी सांगणार नाहीये."

आता अडचण. तिच्या बालवाडीच्या बाई दर पालकसभेत म्हणतात, "हुशार आहे, पण मुलगी असून फारच दंगेखोर आहे." माझ्या एका मावससासूबाईंचंही तेच, "आत्तापासून वळण लावा, पुढे जड जाईल." मी हसून सोडून देत होते. पण परवा शाळेतून येताना रिक्षात तिनेच विचारलं, "आई, दंगा फक्त मुलांचा असतो का?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. तिला गप्प बसवायचं नाहीये, पण सोफा, पडदे आणि सासूबाई, तिघांनाही थोडी उसंत हवी आहे. ही ताकद जिरवायची कुठे? तुमच्याकडचे किस्से आणि उपाय, दोन्ही येऊ द्यात.

आगाऊ_कार्टा

मी पयला!

तुमच्या लेकीला माझ्यातर्फे एक वाटी वाटली डाळ.

वऱ्हाडी_ठेचा

वा, मस्त धागा. आमची पोट्टी बी अशीच हाये, पाच वर्षाची. अकोल्याची मे महिन्यातली गरमी तुमाले माहीत असंन. दुपारी दोन वाजता बाहेर कुत्रं बी दिसत नाही. घरात कूलर चालू. एक दिवस हवा येऊन राह्यली, पन गरमच. पाट्या ओल्याच नाही. मले वाटलं मोटर गेली. टाकी उघडली त् आत बाहुली उलटी पडेल, तिचे लांब केस पंपात गुंतेल, अन् बाजूले माह्या दाढीचा ब्रश तरंगून राह्यला.

मी म्हनलं, "काहून टाकली वं?"

त् म्हनते, "तिले गरमी व्हून राह्यली होती. तुमी सारे थंड्यात बसता, ते एकटीच पेटीत."

ब्रश कायले टाकला ते इचारलं त् म्हने पाठ घासाले. आता काय बोलता? केस कापून पंप सोडवला. बाहुलीचा बॉयकट झाला त् अजून रडनं. मंग तिच्या मायनं सांगितलं का बाहुलीनं उन्हाळ्यासाठी केस कापले, तवा दुसऱ्या दिवशी आमची बी कैची घेऊन आरशासमोर उभी. वक्तावर पाह्यलं म्हनून वाचलो.

पावशेर

भोंडल्यावरून आमचं बोरन्हाण आठवलं. लेक तेव्हा तीन वर्षांची, पुण्यात. आईने महिनाभर आधी हलव्याचे दागिने सांगून ठेवले होते: बांगड्या, बाजूबंद, हार, बिंदी, कंबरपट्टा. त्याच दिवशी माझ्या भावाच्या मुलाचंही बोरन्हाण, त्याला मुकुट आणि बासरी. काळं झबलं, काळा फ्रॉक, दोघांना पाटावर बसवलं. डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, रेवड्या ओतायच्या आणि बाकीच्या पोरांनी लुटायच्या असा बेत.

पहिली अडचण, कन्येला बासरी हवी. हार नको. दुसरी अडचण, हार नको म्हणता म्हणता तिने तो खायला सुरुवात केली. औक्षण होईपर्यंत पदकापाशी पोहोचली होती. फोटोत गळ्यात नुसता दोरा आणि गालाला चिकटलेला काटेरी हलवा. तिसरी अडचण सगळ्यात मोठी. डोक्यावरून ओतल्यावर पोरं लुटायला धावली आणि ही उभी राहून ओरडली, "माझ्या डोक्यावरचं आहे! कुणी नाही घ्यायचं!" फ्रॉकचा ओचा करून सगळं गोळा केलं आणि त्यावर बसून राहिली. बाकीच्या सात-आठ पोरांनी भोकाड पसरलं. शेवटी माझ्या वडिलांनी खाली जाऊन वाण्याकडून चुरमुऱ्यांची आणि रेवड्यांची दुसरी खेप आणली.

बासरी तिलाच मिळाली हे वेगळं सांगायला नको. पुतण्याने कंबरपट्टा कपाळाला बांधला आणि तोही खूश होता. तशीही कुणाच्या घरी नियमाची वही तपासायला कुणी येत नाही.

कोथिंबीरवडी

@वऱ्हाडी_ठेचा, पाठ घासायला ब्रश! सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांना ठसका लागला.
@पावशेर, पुतण्याचा फोटो पाहायला आवडेल.

रंकाळ्याकाठी

आमची पावणेचारची. तिचं व्याकरण स्वतंत्र आहे. "मी जेवण करली", "बाबा ऑफिसला जाला", "आजी येली". सगळ्या क्रियापदांना एकच फूटपट्टी. ऐकणारे हसतात, पण मला तर ती फार शिस्तीची वाटते. बस-बसला, पळ-पळला, मग जा-जाला का नाही? नियम तिने बरोबर पकडलाय, अपवाद आपण केलेत.

गंमत पुढं आहे. माझी बायको पुण्याची. लेक "मी आलो", "मी खातो" म्हणायला लागली तशी ही घाबरली. मुलगी मुलासारखं का बोलते, कुणाला दाखवायचं का? आमच्या आईनं शांतपणे चहा ओतत सांगितलं, "अगं मीबी तसंच बोलतो की." खरंच आहे. कोल्हापुरात बायका सर्रास "मी येतो", "मी गेलो" म्हणतात. लग्नाला सहा वर्षं झाली, बायकोनं सासूचं बोलणं कधी नीट ऐकलंच नव्हतं बहुतेक.

बेळगावी_कुंदा

आमच्याकडे टिळकवाडीत पण तसंच, "मी येतो रे". शिवाय शेजारची कन्नड. लेक तीन वर्षांची असताना पाणी हवं असलं की आजीला मराठीत मागायची, शेजारच्या अज्जीला कन्नडमध्ये "नीरु". कुणाशी काय बोलायचं हे कसं कळत होतं देव जाणे. पण हट्ट करायचा तर मराठीतच. शेजारच्या अज्जींपुढे ही अगदी गुणाची बाळ, त्यामुळे त्या मला म्हणायच्या, तुम्ही उगाच तक्रार करता.

उकडीचा_मोदक

मंडळी, हसू नका, आमच्याकडे परवा काय झालं ते सांगते. मटकी भिजत घालायला निवडून ताटात ठेवली होती. कन्या (वय चार) शेजारी बसून मदत करत होती. अचानक शांत झाली. शांतता झाली की समजायचं. बघते तर नाक वर करून बसलेली. "काय केलंस?" "काही नाही." "नाकात काय घातलंस?" "एकच."

दवाखान्यात नेईपर्यंत माझ्या पोटात गोळा आणि हिचा एकच प्रश्न: "आई, नाकात हिला मोड येतील?" डॉक्टरांनी मिनिटभरात काढली. त्यांनी बाहेर काढलेली मटकी कापसावर ठेवून दाखवली तर म्हणते, "ही धुऊन उसळीत घाला." घरी आल्यापासून उसळ खायला नकार. ताटातली प्रत्येक मटकी उलटून बघते, "ही तीच आहे का?"

आगाऊ_कार्टा

आज आमच्याकडे मिसळ होती. आता काय करू?

कानघसा

व्यवसायाने कान-नाक-घसावाला, म्हणून थोडं गंभीर लिहितो, रसभंग झाला तर माफ करा.

दोन ते पाच या वयात असली पोरं आठवड्याला येतात. मटकी, वाटाणा, शेंगदाणा, मणी, खडूचा तुकडा, खोडरबर. सुकं कडधान्य नाकातल्या ओलाव्याने फुगतं आणि घट्ट बसतं, त्यामुळे नाकात पाणी घालू नका. चिमटा, हेअरपिन, कापसाची काडी घेऊन घरी मोहीम काढू नका. वस्तू आत सरकते, आणि एकदा मूल घाबरलं की नंतर आम्हालाही हात लावू देत नाही. आम्ही कधी कधी आईलाच कामाला लावतो. मुलाच्या तोंडावर तोंड घट्ट लावायचं, मोकळी नाकपुडी दाबायची आणि एक छोटी जोरदार फुंकर मारायची. मुलाला वाटतं आई पापी घेते आहे, आणि मणी टपकन बाहेर. पण हे दवाखान्यात, आमच्यासमोर. इथे वाचून घरी नको.

सांगितलंच नाही तर कसं ओळखायचं? एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर ती सर्दी नव्हे, दाखवा.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत समजा. रिमोट, खेळणी, वजनकाटा, गाणारं शुभेच्छापत्र यांत जो चपटा बटण सेल असतो, तो नाकात गेला किंवा गिळला तर उद्या बघू म्हणायचं नाही. घशात किंवा अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी खोल जखम होऊ शकते. मूल हसत-खेळत असलं तरी थेट मोठ्या रुग्णालयात. उलटी काढायची नाही. आज घरी गेलात की ज्या वस्तूंच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नाही त्या वरच्या फळीवर ठेवा.

@उकडीचा_मोदक, मोड यायला वेळ लागतो, पण एका मुलाच्या नाकातून मोड आलेला हरभरा मी स्वतः काढलाय. लेकीचा प्रश्न अगदी शास्त्रीय आहे.

उकडीचा_मोदक

अरे देवा. हे तिला सांगणार नाही. सांगितलं तर दुसरी घालून बघेल.

जुनाजाणता

वाचतो आहे. किस्से गमतीचे आहेत, पण एक स्पष्ट मत. आजकाल मुलांच्या प्रत्येक उचापतीचं कौतुक होतं. पाटावरचा हत्ती पुसला, हसा. कूलरचा पंप बिघडवला, हसा. बालवाडीच्या बाई रोज पंचवीस मुलं सांभाळतात, त्या काही म्हणत असतील तर त्यात तथ्य असेल. आमच्या वेळी वडिलांनी नुसतं बघितलं तरी पुरे असायचं. आणि मुलीच्या जातीला जरा जास्त वळण लागतं, हे कटू असलं तरी सत्य आहे. उद्या ती चार माणसांत वावरणार आहे.

पावशेर

मुलगे जंगलात वावरणार आहेत का काका?

वऱ्हाडी_ठेचा

पंप मी बिघडवला बाप्पा, केस ओढता ओढता. पोट्टीचं काई नाव घेऊ नका.

जुनाजाणता

@पावशेर, शब्द पकडू नका. मुद्दा शिस्तीचा आहे. जेवताना एका जागी बसणं, मोठी माणसं बोलत असताना मध्ये न तोडणं, पाहुण्यांच्या घरी कपाटं न उघडणं, हे शिकवायलाच हवं.

कोथिंबीरवडी

जेवणाचं आणि कपाटांचं एकदम मान्य, त्यावर आमच्याकडेही रोज युद्ध चालतं. पण हे मुलांनाही तितकंच लागू आहे ना? बाईंच्या वर्गात एक मुलगा टेबलावर चढून उड्या मारतो. त्याच्या आईला त्या म्हणाल्या, "फारच अॅक्टिव्ह आहे हं!" तेच माझी लेक करते तेव्हा "मुलगी असून". मला खुपतं ते हे. पंचवीस मुलं सांभाळणं अवघडच आहे, बाईंवर राग नाही.

कृष्णाकाठची

मी वाईची. वय चौऱ्याहत्तर. नात टाइप करून देते आहे, शुद्धलेखनाच्या चुका तिच्या.

जुनाजाणता यांना म्हणावंसं वाटतं, आमच्या वेळचं तुम्ही मुलग्यांचं सांगितलंत. मुलींचं मी सांगते. "मुलीच्या जातीनं" हे वाक्य आम्हीही रोज ऐकलं. पण आमच्या पंचांगातच दंग्याचे दिवस राखून ठेवलेले होते, आणि त्या दिवशी कुणाची टाप नव्हती आम्हाला गप्प करायची.

नागपंचमी घ्या. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं वाफवली की बायका मोकळ्या. गावाबाहेर चिंचेला जाड दोर बांधून झोके. दोघी दोघी उभ्या राहून चढवायचो, इतका उंच की पाय फांदीला लागायचे. खाली घाट दिसायचा. परकर वाऱ्यावर, वेण्या सुटलेल्या, आणि आरडाओरडा असा की पलीकडच्या काठावर ऐकू जावा. मग फुगड्या. त्यानंतर हस्त नक्षत्र लागलं की हादगा, रोज एकेकीच्या अंगणात.

आणि मंगळागौर. लग्न झालेल्या, शालू नेसलेल्या, नाकात नथ घातलेल्या बायका रात्र रात्र काय बसून जप करत होत्या का? दंडफुगडी, बसफुगडी, पाठफुगडी, आगोटं-पागोटं, पिंगा, कोंबडा, साळुंकी. सुपं घेऊन, लाटणी घेऊन नाच. बसफुगडीत उकिडवं बसून एकेक पाय पुढे टाकायचा. आजच्या पोरींना व्यायामशाळेत पैसे भरून तेवढं जमत नाही. आमची एक आत्या पाच लेकरं झाल्यावरही सलग फुगडी घालून तिघींना दमवायची. सासरे ओसरीवर झोपायचा प्रयत्न करत असायचे. त्यांनी एकदा खाकरून बघितलं, तर आतून आवाज आणखी वाढला.

त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. एरवी धाकटं भावंड कडेवर आणि घागर डोक्यावर असायची. माझी शाळा सातवीला सुटली, भावाची नाही सुटली. पण मुलगी म्हटल्यावर दंगा नको, हे आमच्या सणावारांत बसत नाही. सण पुसट झाले आणि "मुलीच्या जातीनं" तेवढं उरलं, असं मला वाटतं.

कोथिंबीरवडी, सासूबाईंना विचार, त्यांना बसफुगडी येते का. येत असेल तर भिंगरीला शिकवू देत. पोरगी दहा मिनिटांत गार होईल. सासूबाई पाच मिनिटांत.

आगाऊ_कार्टा

आज्जी, दंडवत. नातीला सांगा, शुद्धलेखन उत्तम आहे.

रंकाळ्याकाठी

नमस्कार आज्जी. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मीबी घालत होतो बसफुगडी." आणि उठून दाखवायला निघाली, महत्प्रयासानं थांबवली. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं.

दोरीवरची

ताकद कुठे जिरवायची या प्रश्नाला माझं एकच उत्तर आहे, दोरीचा मल्लखांब.

मी सात वर्षांची असताना आईने वैतागून घातलं होतं, आता लहान मुलींना शिकवते. मल्लखांब म्हटलं की लोकांना जमिनीत पुरलेला लाकडी खांब आणि लंगोट लावलेले मुलगे आठवतात. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी तो नव्याने उभा केला, ही गोष्टही बऱ्याच जणांना ठाऊक असते. टांगता मल्लखांब आणि दोरीचा मल्लखांब त्याच घरातले. दोरीऐवजी पूर्वी वेत वापरायचे. मुली प्रामुख्याने दोरीवर करतात. दोरीला एकही गाठ नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत ती धरायची आणि हाताने वर सरकायचं. पहिले काही दिवस ती चिमटी सोलवटते, मुली रडतात, मग त्याच जागी कातडी घट्ट होते आणि त्या ती सगळ्यांना दाखवत फिरतात.

दादरच्या शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिराच्या मुलींना दोरीवर पाहा एकदा. तिथले उदय देशपांडे सर, ज्यांना 2024 साली पद्मश्री मिळाली, त्यांनी अंध मुलांनाही मल्लखांब शिकवलाय. नाशिकलाही व्यायामशाळा जुन्या आहेत, चौकशी करा. साडेचार म्हणजे जरा लहान आहे. बहुतेक ठिकाणी पाच-सहाला घेतात. तोवर लंगडी, कोलांट्या, झाडावर चढणं. आणि दंगेखोर मुलीच तिथे लवकर पुढे जातात, कारण उलटं लटकायला त्यांना कुणी विनवावं लागत नाही. दोरीवर मात्र शिस्त आपोआप येते. गडबड केली की सटकते, कुणी ओरडायची गरज पडत नाही. जुनाजाणता यांनाही पसंत पडेल.

जुनाजाणता

व्यायामाला माझा विरोध कधीच नव्हता. मी स्वतः तालमीत जात असे. कृष्णाकाठची बाईंचं लिहिणं वाचलं. आमच्या घरच्या मंगळागौरीत आम्हा पुरुषांना माडीवर पिटाळत असत, त्यामुळे खाली काय चालायचं ते फक्त ऐकू यायचं. तख्तपोशी हलायची हे खरं.

तरी कपाटांचा मुद्दा कायम.

बर्फाचा_गोळा

कॅलगरीहून. इथे जानेवारीत उणे वीस, बोरं कुठून आणणार? बोरन्हाणाला द्राक्षं, पॉपकॉर्न आणि छोटी चॉकलेटं ओतली. आमची तीन वर्षांची पाटावरून उठेना, "अजून पाऊस पाड." शेजारचं कॅनडियन जोडपं आलं होतं. त्यांना वाटलं, ही दर आठवड्याची पद्धत असणार. परवा त्यांच्या मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी आपण होऊन त्याच्या डोक्यावर पॉपकॉर्न ओतलं. आता कसं समजावू?

भिंगरीच्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलंत शेवटी?

कोथिंबीरवडी

तेच सांगायला आले. मी उत्तर शोधत होते तोवर सासूबाईंनी प्रश्न निकालात काढला. आज्जींचा प्रतिसाद वाचून त्यांनी पदर खोचला, दिवाणखान्यातला टीपॉय बाजूला सारला आणि भिंगरीला म्हणाल्या, "ये, दंगा कसा करतात ते दाखवते." बसफुगडी झाली. सासूबाईंनी पाच मिनिटांच्या वर काढली हे आज्जींच्या नातीने कृपया त्यांना कळवावं. भिंगरी दोनदा मागे कलंडली आणि खूप वेळ "परत, परत" चाललं होतं. खालच्या मजल्यावरून फोन आला, काही पडलं का. सासूबाईंनी स्वतः घेतला आणि सांगितलं, "मंगळागौर आहे." कार्तिकात!

सोमवारी बालवाडीत बाईंनी विचारलं, सुट्टीत काय केलं, तर भिंगरीने वर्गाच्या मधोमध उकिडवं बसून दाखवलं. बाईंचा फोन आला. मी मनाची तयारी करून उचलला. त्यांना डिसेंबरच्या संमेलनासाठी बसफुगडी बसवायची आहे, आजी येऊन शिकवतील का असं विचारत होत्या. मुलगेही त्यात असणार असतील तर येते, अशी अट सासूबाईंनी घातली आहे. बाई "विचार करून सांगते" म्हणाल्या आहेत. बघू.

@दोरीवरची, व्यायामशाळेत जाऊन आले. पाच पूर्ण झाल्यावर आणा म्हणाले. पण भिंगरीने तिथे मोठ्या मुलींना दोरीवर पाहिलं, अंगठ्याची चिमटी वगैरे सगळं बारकाईने. घरी आल्यावर दोर नव्हता म्हणून बेडरूमचा पडदा वापरण्यात आला. पोरगी सुखरूप आहे, पडदाही. रॉड भिंतीतून प्लास्टरसकट आला आहे.

नाशिकरोड भागात पडद्याचे रॉड पक्के बसवून देणारं कुणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. साधारण अठरा किलो वजन पेलेल असा हवा.

आगाऊ_कार्टा

वीसचा घ्या. दिवाळी फराळ जमेस धरा.